पंप बदलण्याआधी वायर तपासा: दुपारी बंद पडणाऱ्या जुन्या गाडीबद्दल

ताई, सगळ्यात आधी एकच सांगतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलू नका. निदान आठवडाभर थांबा, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यात ईसीयूकडे बोट दाखवणारं मला काहीच दिसत नाहीये.

तुमचं म्हणणं परत एकदा मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय का ते तुम्हालाही कळेल. बाबांची २००२ ची पेट्रोल सेडान, मुलुंडहून दादरला जाताना दुपारच्या वेळी चाळीसेक मिनिटांनी सायनच्या आसपास झटके देते आणि बंद पडते, सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, अर्धा तास बॉनेट उघडून उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. सकाळी कधीच त्रास नाही. मेकॅनिकने टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप बदलून दिला, दोन महिने बरी चालली, मग पुन्हा तेच, आणि आता तो म्हणतोय ईसीयू गेला. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गाडीला आधी सीएनजी किट होतं, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) करायची वेळ आली तेव्हा खर्च नको म्हणून २०१४ ला ते काढून टाकलं. ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली.

मी भांडुपला गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो, २८ वर्षं झाली. इतक्या वर्षांत पंप खराब म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचा पंप धडधाकट निघालाय, खराब होती ती पंपापर्यंत जाणारी वाट. ही वाट बॅटरीपासून फ्यूज, इग्निशन स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग कार्पेटखालून मागे जाणारं वायरिंग, पाठच्या सीटखालचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट), पंप, आणि तिथून अर्थिंगचा बोल्ट अशी असते. एवढ्या लांबच्या वाटेत वीस-बावीस वर्षं जुनी तांब्याची तार, पितळेच्या पिना आणि आपली समुद्राची दमट खारी हवा. यात कुठेतरी एक जागा कमजोर होणारच.

आता मेकॅनिकने काय केलं असणार ते सांगतो, त्यात त्याची लबाडी होती असं मला नाही वाटत. त्याने पाठची सीट उचलली, कपलर काढला, टेस्टर लावला किंवा मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणाला करंट येतोय म्हणजे पंपच गेला. इथेच सगळी गडबड होते. कपलर काढून मोकळ्या पिनेवर बारा व्होल्ट दिसणं याला काही म्हणजे काही अर्थ नाही. तारेतल्या सगळ्या काड्या तुटून एकच काडी शिल्लक असली तरी मीटर बाराच दाखवणार, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. आपल्या जुन्या बिल्डिंगमधला गंजलेला पाइप आठवा, नळ बंद असेपर्यंत प्रेशर फुल, नळ सोडला की करंगळीएवढी धार. वायरिंगचंही तसंच. नळ सोडून बघायचं, म्हणजे पंप चालू असताना, करंट वाहत असताना मोजायचं. हे एवढं जरी तुमच्या मेकॅनिकने केलं असतं तरी पंपाचे पैसे वाचले असते.

हिशेब अगदी सोपा आहे. असा टाकीतला पंप साधारण चार ते सहा अँपियर घेतो, पाच धरू. वाटेत कुठल्यातरी काळ्या पडलेल्या पिनेवर अर्ध्या ओहमच्या थोडा वर, समजा ०.६ ओहम रेझिस्टन्स आला. पाच गुणिले ०.६ म्हणजे तीन व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. पंपाला पोचले दहा-अकरा. पंप फिरतो, पण हळू फिरतो, रेलमध्ये, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळीत, प्रेशर पुरेसं बनत नाही, गाडी सिग्नलला मिसिंग मारते आणि चढावर झटके देते. आणि ते तीन व्होल्ट कुठे जात नाहीत, त्या पिनेवर उष्णता होऊन बसतात, तीन गुणिले पाच, पंधरा वॉट. माझ्या टेबलावरचा सोल्ड्रॉनचा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा आहे. म्हणजे तुमच्या सीटखाली प्लास्टिकच्या कपलरमध्ये अर्ध्याहून जास्त ताकदीचा सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं झालं. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, पिनेची स्प्रिंग मऊ पडते, पकड सुटते, रेझिस्टन्स अजून वाढतो, उष्णता अजून वाढते. एकदा सुरू झालं की हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग सकाळी का नाही आणि दुपारीच का? सकाळी सगळं थंड, रस्ता मोकळा, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) चौदा व्होल्ट देतोय, तीन गेले तरी अकरा उरतात, गाडी ओढून नेते. दुपारी एसी फुल, रेडिएटरचा फॅन चालू, सायनला गाडी उभी म्हणजे इंजिन आयडलवर, व्होल्टेज आधीच तेराच्या आसपास उतरलेलं, टाकीतलं पेट्रोल गरम, कपलर गरम, रिले गरम. सगळीकडून थोडं थोडं कमी होतं आणि मग पंप हार मानतो. अर्ध्या तासाने थंड झालं की परत पकडतो.

आणि नवीन पंप टाकल्यावर दोन महिने का चालली? हे बरेच जण विचारत नाहीत, पण खरं उत्तर यातच आहे. पंप बदलताना कपलर काढून परत घालावा लागतो. काढताना-घालताना पिना एकमेकींवर घासतात, वरचा काळा थर थोडा खरवडला जातो, कॉन्टॅक्ट तात्पुरता सुधारतो. दोन महिन्यांत परत थर चढला. म्हणजे तुम्ही हजारो रुपये देऊन एक कपलर काढून-घालून घेतलात, असं होऊ शकतं. वाईट वाटून घेऊ नका, पुष्कळ लोकांचं होतं.

माझ्याकडे विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधले एक निवृत्त शिक्षक यायचे, त्यांच्या गाडीचं अगदी असंच. दोन पंप बदलून झाले होते. मी गाडी आयडलवर ठेवली, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. मग पाठची सीट उचलून कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून एक बारीक टाचणी पिनेपर्यंत सरकवली आणि पंपाच्या दोन पिनांमध्ये मोजलं, १०.४. साडेतीन व्होल्ट गायब. आता कुठल्या बाजूला? घरी पडलेली पाच मीटर वायर मीटरच्या एका टोकाला जोडली, ते टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं टोक पंपाच्या प्लस पिनेवर, आणि आला आकडा ०.४. प्लसची सगळी वाट, म्हणजे फ्यूज, स्विच, रिले मिळून फक्त ०.४ खातेय, चांगलीच आहे. मग बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनस पिनेपर्यंत मोजलं, ३.१. ०.४ आणि ३.१ मिळून साडेतीन, हिशेब जुळला. म्हणजे खराबी अर्थिंगमध्ये, आणि आतापर्यंत सगळे प्लसच्या मागे लागले होते. कार्पेट उचललं तर अर्थचा बोल्ट बॉडीला जिथे कसलाय तिथे थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या रिंगच्या) खाली हिरवट पांढरी भुकटी, आणि थिंबल हाताने हलतंय. सर म्हणाले २६ जुलै २००५ ला गाडी कलिन्याला पाण्यात उभी होती, सीटपर्यंत पाणी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, मुंबईत किती गाड्या बुडाल्या त्याची गणतीच नाही. बाहेरून गाडी धुतली, सीटा वाळवल्या, पण कार्पेटखालचा बोल्ट कोण बघतो? तो वर्षानुवर्षं आतून गंजत राहिला. बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासली, नवीन थिंबल, स्टार वॉशर, वरून ग्रीस. परत मोजलं तर अर्थचा आकडा ०.०८. अर्धा तासाचं काम. सर तिथेच उभे होते, नुसते त्या बोल्टकडे बघत राहिले.

तुमची गाडी २००५ ला कुठे होती ते बाबांना नक्की विचारा.

आता मर्यादा लक्षात ठेवा. पंप चालू असताना बॅटरी प्लसपासून पंप प्लसपर्यंत अर्धा व्होल्टच्या आत पाहिजे, आणि अर्थच्या बाजूला ०.२ च्या आत. म्हणजे बॅटरीवर चौदा असतील तर पंपावर १३.३ च्या आसपास मिळालेच पाहिजेत. यापेक्षा कमी असेल तर पंपाला हात लावायचा नाही, आधी वाट साफ करायची. आणि टाचणी मागून सरकवा म्हटलं ते मुद्दाम, वायरच्या कव्हरला टोचून भोक पाडू नका आणि कुणाला पाडू देऊ नका. आपल्याकडच्या हवेत त्या भोकातून ओल आत जाते आणि दोन पावसाळ्यांत आतली तार हिरवी होऊन पावडर होते. टेस्टरने टोचून टोचून चाळण केलेली वायरिंग मी कितीतरी वेळा पूर्ण बदलली आहे.

आता येतो त्या सीएनजीच्या ओळीकडे. किट बसवताना पुष्कळ ठिकाणी पेट्रोल पंपाची वायर मध्येच कापून तिथे एक जास्तीचा रिले टाकतात, म्हणजे गॅसवर असताना पंप बंद राहील. कल्पना चुकीची नाही. पण किट काढताना काय होतं? बसवणारा वेगळा, काढणारा वेगळा, त्याला घाई, तो रिले उपटतो आणि कापलेली दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळतो. सोल्डर नाही, क्रिंप नाही. दहा वर्षांत त्या टेपचा गोंद उन्हाने वितळून चिकट लापशी होते, आत तांबं काळं पडतं. तुमच्या गाडीत मी पहिली बोटं तिथेच घालीन. शोधायचं कुठे तर ड्रायव्हरच्या पायाजवळ डॅशबोर्डच्या खाली, नाहीतर बॉनेटमध्ये बॅटरीजवळच्या वायरिंगच्या जुडग्यात, नाहीतर पाठच्या सीटखाली कपलरच्या फूटभर अलीकडे. कंपनीचं वायरिंग एकसारखं गुंडाळलेलं असतं, मध्येच वेगळ्या रंगाची वायर किंवा जाडजूड टेपची गाठ दिसली की समजायचं. दाबून बघा, गाडी थोडी चालवून आल्यावर त्या गाठीला हात लावा, कोमट लागली तर तुमचा चोर सापडला. आणि एकच गाठ सापडली म्हणून थांबू नका, इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) वायरीही पुष्कळदा तशाच कापलेल्या असतात.

जोडताना नीट जोडा. दोन्ही टोकं तांबं चमकेपर्यंत मागे कापायची, तार कमी पडली तर गाडीच्या वायरिंगसाठी मिळणारीच मऊ बारीक काड्यांची वायर वापरायची, पंपासाठी अडीच एमएमची घ्या, घरातल्या फिटिंगची कडक वायर नको, हादऱ्यांनी तुटते. बट कनेक्टर (दोन टोकं जोडायची धातूची नळी) चांगल्या पक्कडने क्रिंप करायचा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. टेप शेवटी, नुसती बांधायला. हे सगळं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं, जुन्या गाडीचा पिनांसकट कपलर हवा असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातल्या गाडीचा वीतभर वायरीसकट कापून मिळतो, पण घेताना पिना आतून बघून घ्या, काळ्या असतील तर फुकट दिला तरी नको.

दुसरा संशय रिलेवर. तुमच्या गाडीच्या काळातल्या काही गाड्यांत मेन रिले डॅशबोर्डच्या खाली असतो, छोट्या डबीएवढा, आणि त्याच्या आत एक सर्किट बोर्ड असतो. चावी ऑन केली की ईसीयू या रिलेला दोन सेकंद पंप चालवायला सांगतो, मग इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला तरच पुढे चालू ठेवतो. तुमची गाडी पुढच्या वेळी बंद पडली की घाबरून सेल्फ मारत बसू नका, त्या पाच मिनिटांत जे कळतं ते गॅरेजमध्ये दिवसभरात कळत नाही. गाडी बाजूला घ्या, हॅझार्ड लावा, एसी आणि रेडिओ बंद, काचा वर, चावी ऑन करून मागे कान द्या. पाठच्या सीटखालून घूं असा दोन सेकंद आवाज येतो का? आला पण नेहमीपेक्षा जड, दमलेला वाटला तर व्होल्टेज कमी पोचतंय. आलाच नाही तर डॅशच्या खालून रिलेचा टक असा आवाज येतो का बघा. टक येतोय पण घूं नाही, म्हणजे रिलेच्या पुढे वाट तुटली, रिलेचे पॉइंट जळालेत किंवा पंपच गेला. टकसुद्धा नाही, तर रिलेची कॉइल, तिचा सोल्डर, किंवा तिला हुकूम देणारी बाजू. शेजारी कुणी असेल तर त्यांना सेल्फ मारायला सांगून तुम्ही आरपीएमचा काटा बघा. सेल्फ फिरतोय आणि काटा जरासुद्धा हलत नाही असं असेल तर संशय क्रँक सेन्सरवर जातो, इंजिन फिरतंय हे ईसीयूला तोच सांगतो, खराब झालेला असला तर गरम झाल्यावर सिग्नल देणं बंद करतो आणि ईसीयूला वाटतं इंजिन फिरतच नाहीये, म्हणून तो पंप चालवत नाही. लक्षणं अगदी तुमच्यासारखीच, उन्हात बंद आणि थंड झाली की चालू. सगळ्याच गाड्यांत काटा सेल्फवर हलतो असं नाही, म्हणून आधी गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवा की तुमच्या गाडीत हलतो का.

रिले उघडला तर काय दिसतं ते सांगतो, कारण मेकॅनिक उघडत नाहीत, नवीन टाकतात किंवा हलवून परत लावतात. कव्हर चार खाचांवर असतं, पातळ स्क्रूड्रायव्हरने निघतं. बोर्ड उलटा करा, जिथे जाड पिना बोर्डमधून वर येतात तिथले सोल्डरचे गोळे बघा. नुसत्या डोळ्यांना चांगले दिसतील. घड्याळवाल्याचं भिंग लावा आणि बोर्ड उजेडात तिरका धरा. चांगला सोल्डर चकचकीत, पिनेला चिकटून वर चढलेला, तंबूसारखा. गेलेल्या सोल्डरमध्ये पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, गोळ्याच्या मधोमध अंगठीसारखी. तो तडा आहे. वीस वर्षं रोज गरम-थंड, गरम-थंड होऊन पडलेला. थंड असताना पिन तड्याच्या दोन्ही कडांना टेकून असते, मे महिन्यात बंद गाडी उन्हात तापली की सगळं फुगतं आणि पिन सुटते. उपाय दोन मिनिटांचा: जुना सोल्डर शोषून काढा, फ्लक्स लावा, नवीन ६०/४० सोल्डर भरा, पिन नीट गरम झाल्याशिवाय सोल्डर सोडू नका, नाहीतर वरवर चिकटेल. खात्री करायची असेल तर दुरुस्तीआधी घरचा हेअर ड्रायर रिलेवर पाच मिनिटं धरा आणि चावी ऑन-ऑफ करत राहा. गरम झाल्यावर टक बंद झाला तर शंकाच उरली नाही. मी हे दुकानात ग्राहकासमोर करून दाखवतो, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे की पैसे कशाचे देतायत.

पंप खरंच गेलेला असू शकतो का? हो, असतोच कधीकधी, आणि तेही अंदाजाने नाही, करंट मोजून सांगता येतं. पंपाचा फ्यूज काढा, मीटर दहा अँपियरच्या रेंजवर, लाल वायर मीटरच्या अँपियरच्या भोकात घालून, दोन टोकं फ्यूजच्या जागी. इंजिन आयडलवर चार ते सहा अँपियर म्हणजे ठीक. आठ-नऊच्या वर म्हणजे आत कचरा किंवा बेअरिंग जाम, पंप जोर लावतोय. शून्य किंवा उड्या मारणारा आकडा म्हणजे आतले कार्बन संपलेत. काही गाड्यांत त्या फ्यूजवर इतर गोष्टीही असतात, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या चित्रात बघून घ्या. आणि मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, विसरलात आणि तशीच बॅटरीवर लावलीत तर सरळ शॉर्ट, मीटरचा फ्यूज उडतो. माझ्याकडच्या प्रत्येक पोराला हे मी पहिल्या दिवशी सांगतो.

मीटर नसेल तर जुन्या हेडलाइटचा पंचावन्न वॉटचा बल्ब आणि दोन वायरी एवढं पुरे. तो बल्ब साडेचार अँपियर घेतो, जवळजवळ पंपाएवढाच. पंपाचा कपलर काढून बल्ब त्याच्या दोन पिनांना लावा आणि चावी ऑन करा, बल्ब दोन सेकंद लागेल. पिवळट, मरगळलेला लागला तर वाट खराब, पांढरा स्वच्छ लागला तर वाट बरी. साध्या एलईडी टेस्टरवर विश्वास ठेवू नका, तो एका काडीच्या तारेवरही झगझगीत लागतो. एकच काळजी, हेडलाइटचा बल्ब फार तापतो, म्हणून टाकीचं झाकण घट्ट लावलेलं पाहिजे, पेट्रोलचा जरासुद्धा वास येत असेल तर ही टेस्ट करूच नका, आणि बल्ब वायर लांब घेऊन गाडीच्या बाहेर ठेवा.

माझे उस्ताद काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचं काम करायचे. त्या गाड्यांचा पंप इंजिनला लावलेला, मेकॅनिकल, आत डायफ्रॅम, वीज नाहीच. बोरघाटात दुपारी पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचा, दहा मिनिटांनी पुढे. त्या सवयीतून आजही लोक समजतात की गरम झाली, थंड केली, चालू झाली, म्हणजे पेट्रोलची वाफच. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या तुमच्यासारख्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि लाइनमध्ये अडीच-तीन बार प्रेशर असतं, तिथे वाफ सहजासहजी होत नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत ओलं फडकं शोधू नका, ओली वायर शोधा.

आता एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. या सगळ्या कटकटीला कंटाळून कुणीतरी तुम्हाला सांगेल की पंप डायरेक्ट करून देतो, बॅटरीवरून सरळ एक वायर, मध्ये स्विच, टेन्शन खलास. गाडी खरंच चालेल, झटकेही जातील. पण करू नका. ईसीयू इंजिन बंद पडलं की एक-दोन सेकंदांत पंप बंद करतो, ती व्यवस्था उगाच नाही. उद्या कुणी ठोकलं, पेट्रोलची लाइन फुटली, इंजिन बंद पडलं, तरी डायरेक्ट केलेला पंप तीन बारने पेट्रोल बाहेर फेकत राहणार, जवळ तापलेला सायलेन्सर. मी हायवेवर जळून सांगाडा झालेली गाडी बघितली आहे आणि तिच्यात मागे गेलेली जाड वायर फ्यूजशिवाय बॅटरीला लावलेली होती. माझ्याकडे डायरेक्ट केलेली गाडी आली की मी दुसरं कुठलंही काम करण्याआधी ते काढतो, ग्राहक नाही म्हणाला तरी. वाट सुधारायला नवीन वायर टाकायचीच असेल तर बॅटरीवरून जाड वायर, तिच्या सुरुवातीलाच पंधरा अँपियरचा फ्यूज, मध्ये नवीन रिले, आणि त्या रिलेची कॉइल कंपनीच्या जुन्या पंप वायरवर. म्हणजे हुकूम ईसीयूचाच राहतो, करंट मात्र नवीन वाटेने जातो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, ३० ला बॅटरीकडून, ८७ पंपाकडे, ८५-८६ कॉइल, कुणाही वायरमनला समजतं.

तुम्ही स्वतः हात घालणार असाल तर पाठच्या सीटखालचं टाकीवरचं झाकण मात्र उघडू नका, कपलरपर्यंतच थांबा, पंप बाहेर काढायचं काम गॅरेजवरच होऊ दे. सगळ्या काचा खाली, आसपास कुणी विडी-सिगरेट पेटवणार नाही, देवासमोरची उदबत्तीसुद्धा नको. वायर कापायची-जोडायची वेळ आली की आधी बॅटरीचा मायनस काढा. आणि टाकी नेहमी पाव भागाच्या वर ठेवा, पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असला की थंड राहतो. तुमच्या गाडीने सीएनजीवर चालताना किती वर्षं टाकीत शंभर रुपयांच्या पेट्रोलवर काढली असतील, पहिला पंप गेला असेल तर त्यानेच गेला असेल.

मेकॅनिककडे जाताना भांडू नका, त्याला एवढंच सांगा की गाडी चालू ठेवून पंपाच्या कपलरवर मागून व्होल्ट मोजून दाखव, मग बॅटरी प्लसपासून आणि मग मायनसपासून. तीन आकडे कागदावर लिहून घ्या. तो म्हणाला गरज नाही तर दुसऱ्याकडे जा. आकडे आले की मला कळवा, बॅटरीवरचा आकडाही लिहा, त्यावरून वाट कुठे अडली ते मी सांगीन.

काम झाल्यावर सकाळी फिरवून समाधान मानू नका, सकाळी तर ती आधीही चालत होती. कपलरला मागून लावलेल्या टाचण्यांना दोन वायरी जोडा, एकमेकींना टेकणार नाहीत अशा टेपने बांधा, प्लसच्या वायरीत टाचणीजवळच एक अँपियरचा फ्यूज घाला, आणि दोन्ही वायरी पुढे आणून मीटर बाजूच्या सीटवर ठेवा. शेजारी कुणालातरी बसवा, चालवणाऱ्याने मीटरकडे बघायचं नाही. दुपारी अडीचला निघा, एसी फुल, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने सायन, तिथे मुद्दाम सिग्नलवर अडका, मग दादर टीटी आणि परत. वाटेत दहा-दहा मिनिटांनी आकडा लिहून काढा. घरी पोचेपर्यंत तो बॅटरीपेक्षा पाऊण व्होल्टच्या आतच राहिला तर चावी बाबांकडे द्या.